मोडीचा भाव की नाण्याचा भाव? अमेरिकेची चांदीची डाइम ओळखायची कशी

आमच्या शेजारी, इथे न्यू जर्सीत, नव्वदीला टेकलेल्या एक अमेरिकन आजी राहायच्या. मुलीकडे कायमचं राहायला जायचं ठरलं म्हणून त्या घर आवरत होत्या, आणि एका दुपारी कॉफीचा पत्र्याचा डबा घेऊन आमच्या दारात आल्या. "तुला चांदीतलं कळतं," म्हणाल्या. दर दिवाळीआधी मी देवाची चांदीची भांडी घासून मागच्या डेकवर उन्हात ठेवते, ते त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं. डब्यात डाइम होत्या, म्हणजे दहा सेंटची नाणी. मोजल्या तेव्हा २११ भरल्या. बँकेत नेल्या असत्या तर २१ डॉलर १० सेंट. जुनं सोनं-चांदी घेणाऱ्या एका दुकानदाराने त्यांना अख्ख्या डब्याचे १०० डॉलर देऊ केले होते आणि ते बरे आहेत की कमी, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

हा प्रश्न सध्या पुष्कळांना पडतो आहे. १९८० आणि २०११ मध्ये औंसाला ५० डॉलरच्या उंबरठ्यापर्यंत येऊन परतलेली चांदी २०२५ मध्ये तो ओलांडून गेली, आणि घरोघरचे डबे, बरण्या, जुन्या पर्सचे कप्पे उघडले जाऊ लागले. इथे राहणाऱ्या मराठी घरांतही अशी नाणी असतात, कधी सुट्या पैशात आलेली, कधी घरमालकिणीने मुलांना दिलेली. भारतातही कुणाच्या मामाने ७०-८० च्या दशकात आणलेली एखादी डाइम कपाटात सापडते. ती पारखायची कशी, ते सांगते. यात एकच गोष्ट मनाशी पक्की धरायची: अशा नाण्याला दोन वेगवेगळे भाव असतात. एक मोडीचा, म्हणजे त्यातल्या चांदीचा, आणि दुसरा नाण्याचा, म्हणजे संग्राहक देईल तो. या दोहोंची गल्लत झाली की एकतर आपण फसतो, नाहीतर भलत्या आशेवर बसतो.

दहा सेंटचं नाणं पाच सेंटहून लहान का?

अमेरिकेत नव्याने आलेला प्रत्येक जण सुट्या पैशांत इथेच अडखळतो. पाच सेंटचं निकेल २१.२ मिलिमीटर रुंद, एक सेंट १९ मिलिमीटर, आणि दहा सेंटची डाइम जेमतेम १७.९. त्यातून तिच्यावर "१०" हा आकडा कुठेच नाही, नुसतं "वन डाइम" लिहिलेलं. पहिल्या आठवड्यात मी दुकानात तळहातावर सगळी चिल्लर धरून गल्ल्यावरच्या मुलीला म्हटलं होतं, तूच घे.

कारण चांदीत आहे. १७९२ च्या कायद्याने डॉलर हे चांदीचं नाणं ठरलं आणि डाइम त्याचा दहावा भाग. हा शब्दच मुळी "दहावा" या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेला. आपला "दशम" त्याचाच दूरचा भाऊबंद. दहावा भाग म्हणजे चांदीही साधारण दहावा भाग, म्हणून नाणं इवलंसं. पाच सेंटचं नाणंही आधी चांदीचंच होतं आणि डाइमहूनही लहान होतं. यादवी युद्धात चांदीची नाणी बाजारातून नाहीशी झाली, तेव्हा १८६६ पासून तांबं-निकेल मिश्रणाचं स्वस्त पाच सेंटी नाणं पाडू लागले. धातू स्वस्त असल्याने ते हवं तेवढं मोठं करता आलं. चांदी गेली तरी तो लहान-मोठेपणा तसाच राहून गेला.

१८७३ मध्ये डाइमचं वजन नेमकं २.५ ग्रॅम ठरलं. त्यात ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. नुसती चांदी नाण्यासाठी मऊ पडते, झटकन झिजते. आपल्याकडे सोनार सोन्यात तांबं घालतो ते याचसाठी. म्हणजे प्रत्येक डाइममध्ये २.२५ ग्रॅम शुद्ध चांदी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

१९६४ ची रेघ

१९६४ पर्यंतच्या साध्या चलनी डाइम चांदीच्या. १९६५ पासूनच्या नाहीत. इतकी स्वच्छ सीमारेषा नाण्यांच्या इतिहासात क्वचित सापडते.

झालं असं की १९६० च्या सुमारास चांदीची मागणी वाढत गेली. फोटोची फिल्म चांदीशिवाय बनत नव्हती, आणि नाणी टाकून वस्तू देणारी यंत्रं देशभर बसल्याने नाणीही कमी पडत होती. १९६३ मध्ये चांदी औंसाला १.२९ डॉलरवर गेली. १.३८ च्या पुढे गेली असती तर डाइम वितळवणं ती खर्चण्यापेक्षा फायद्याचं ठरलं असतं. २३ जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि डाइम व पाव डॉलरमधून चांदी पार काढून टाकली. चांदीची नाणी दडवून कुणाला नफा होणार नाही, असंही त्यांनी त्या वेळी लोकांना बजावलं होतं. लोकांनी ऐकलं नाही. पाकिटात एक कोरी नोट आणि एक फाटकी नोट असली की आपण फाटकी आधी खपवतो. तसंच झालं. नवी नाणी खर्चात गेली, चांदीची डब्यात.

आपल्याकडे हे २५ वर्षं आधीच होऊन गेलं होतं. एक तोळा वजनाचा, जवळजवळ ९२ टक्के चांदीचा कलदार रुपया १९४० मध्ये निम्म्या चांदीचा झाला आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा आला. ज्यांच्या घरी आजीने राजाछाप रुपये लाल कापडात बांधून ठेवले असतील, त्यांना अमेरिकन आजीचा कॉफीचा डबा लगेच कळेल.

आधी कड बघा

साल वाचता येत असेल तर काम झालंच. पण ढिगाऱ्यातून निवडायचं असेल तर एकेक साल वाचत बसायची गरज नाही. नाणी थप्पी करून उभी धरा आणि कड बघा. १९६५ पासूनची डाइम थरांची आहे: आत तांब्याचा गाभा, दोन्ही अंगांनी तांबं-निकेलचा पांढरा पत्रा. दुरंगी वडी सुरीने कापली की कडेला आतला थर दिसतो, तशी या नाण्याच्या कडेला तांबूस रेघ दिसते. चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी, फार तर काळवंडलेली. आजींच्या २११ नाण्यांतून २८ अशी तांबूस कडेची निघाली, ती बाजूला. उरली १८३.

शंका असेल तर वजन करा. चांदीची डाइम २.५ ग्रॅम, नवी २.२७. स्वयंपाकघरातला काटा इथे चालत नाही, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा सोनारी काटा हवा. आणि इथे एक गोम आहे. फार झिजलेली, शंभर वर्षं हातोहाती फिरलेली चांदीची डाइमही २.३ च्या आसपास उतरू शकते. म्हणून नुसत्या वजनावर निकाल देऊ नका, कड आणि वजन दोन्ही जुळवा.

मग आवाज. "खणखणीत नाणं" हा शब्द आपण माणसांना लावतो, पण तो आला आहे तो याच परीक्षेतून. लाकडी टेबलावर बोटभर उंचीवरून सोडलं तरी चांदीचं नाणं बारीक, लांबणारा नाद देतं. थरांचं नाणं "टक्" करून गप्प होतं. दोन्ही पाठोपाठ वाजवून पाहिली की मग कुणी सांगावं लागत नाही. मात्र संग्रहाच्या दृष्टीने मोलाचं वाटणारं नाणं असं टाकून बघू नका.

"लोहचुंबक लावून बघू का?"

लावा, पण त्यातून फारसं कळणार नाही. चुंबकाला चिकटलं तर ते नाणं नक्की नकली. न चिकटलं म्हणजे चांदीचं, असं मात्र नाही, कारण तांबं-निकेलची नवी डाइमही चिकटत नाही. आणि सराफाकडे नेलंत तर कसोटीच्या दगडावर घासू देऊ नका. दागिन्याला ते चालतं, नाण्याला कायमचा ओरखडा पडतो.

मोडीचा भाव: दोन ओळींचं गणित

जगात चांदीचा भाव ट्रॉय औंसाने सांगतात, एक ट्रॉय औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. २.२५ ग्रॅम म्हणजे औंसाचा सुमारे चौदावा भाग, नेमकं सांगायचं तर ०.०७२३ औंस. औंसाला ५० डॉलर भाव असेल तर एका डाइममध्ये ३ डॉलर ६२ सेंटची चांदी. दर्शनी किंमत दहा सेंट.

रुपयांत हवं असेल तर आणखी सोपं. चांदी किलोला १ लाख रुपये असेल तर ग्रॅमला १०० रुपये, आणि डाइममधली चांदी २२५ रुपयांची. भावात जेवढे लाख, तेवढे २२५. भारतातल्या भावात आयात शुल्कही असतं, म्हणून डॉलरचा हिशेब रुपयांत फिरवला तर आकडे तंतोतंत जुळत नाहीत. ज्या देशात विकणार, तिथला भाव धरा.

आजींच्या १८३ नाण्यांत सव्वातेरा औंस चांदी निघाली. ५० डॉलरने ६६० डॉलरच्या वर. दुकानदाराचे १०० डॉलर बरे की कमी, याचं उत्तर इथेच मिळालं. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त डबा दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढून घेतला.

इथले नाण्यांचे व्यापारी अशा नाण्यांना "जंक सिल्व्हर" म्हणतात. शब्द ऐकून वाईट वाटतं, पण अर्थ इतकाच की या नाण्याला चांदीपलीकडे भाव नाही. त्यांचा दर "दर्शनी किमतीच्या इतक्या पट" असा सांगितला जातो. झिजेची घट धरून एक डॉलरच्या, म्हणजे दहा डाइमच्या मागे ०.७१५ औंस चांदी मोजायची पद्धत आहे. ५० डॉलर भाव असताना हिशेब पावणेछत्तीस पट निघतो. व्यापारी त्याहून थोडं कमी देईल, त्याचंही पोट आहे. पण तुम्हाला पट काढता येतात हे त्याला कळलं की बोलण्याचा सूर बदलतो.

चेहऱ्यावरून पिढी

नाण्याचा भाव कळायचा तर आधी ते कोणत्या घराण्यातलं आहे हे ओळखावं लागतं. १७९६ ते १८३७ च्या डाइम, दोन वेगवेगळ्या घडणींच्या, घरात सापडणं जवळपास अशक्य. सापडलीच तर हात न लावता जाणकाराकडे न्या. १८३७ ते १८९१ ची डाइम म्हणजे खडकावर बसलेली, हातात ढाल आणि काठी घेतलेली स्वातंत्र्यदेवता. यातल्या काहींवर सालाच्या दोन्ही बाजूंना बाण दिसतात. ते शोभेचे नाहीत. १८५३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्याचा पूर आला, त्यापुढे चांदी महाग झाली आणि नाण्याचं वजन कमी करावं लागलं, ते लोकांना कळावं म्हणून बाण. १८७३ मध्ये वजन २.५ ग्रॅम केलं तेव्हा पुन्हा बाण.

१८९२ ते १९१६ ची ती बार्बर डाइम, टांकसाळीचे मुख्य कोरक चार्ल्स बार्बर यांच्या नावाने ओळखली जाणारी. उजवीकडे पाहणारा भारदस्त चेहरा, डोक्यावर पानांचा मुकुट. आजींच्या डब्यात या तीनच होत्या, घासून इतक्या गुळगुळीत झालेल्या की चेहरा नुसता सावलीसारखा उरलेला.

मग १९१६ ते १९४५ ची, माझ्या मते अमेरिकेने पाडलेल्या सर्वांत देखण्या नाण्यांपैकी एक. टोपीला पंख असलेला तरुण स्त्रीचेहरा. लोकांना तो रोमन देव मर्क्युरी वाटला, आणि "मर्क्युरी डाइम" हेच नाव पडलं. शिल्पकार ॲडॉल्फ वाइनमन यांच्या मनात तो देव नव्हताच. ती स्वातंत्र्यदेवता आहे आणि पंख विचारस्वातंत्र्याचे. मागच्या बाजूला काठ्यांची बांधलेली मोळी, तिच्यात कुऱ्हाड, आणि सोबत ऑलिव्हची फांदी. मोळी एकीची, फांदी शांततेची. म्हाताऱ्याने मुलांना मोळी मोडायला सांगितल्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते, तोच भाव. डब्यात या ७४ होत्या.

बाकीच्या १०६ रूझवेल्टच्या. फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ ला गेले. पोलिओने पांगळ्या झालेल्या या अध्यक्षाने पोलिओविरुद्ध उभ्या केलेल्या मोहिमेला देशभरातून लोक डाइम पाठवायचे, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ डाइमच निवडली, आणि ३० जानेवारी १९४६ ला, त्यांच्या वाढदिवशी, ती लोकांच्या हातात आली. गळ्याखालची "जेएस" ही अक्षरं कोरक जॉन सिनॉक यांची. ती जोसेफ स्टालिनची आहेत अशी आवई तेव्हा उठली होती.

काट्याच्या बाजूचं इवलंसं अक्षर

आता सगळ्यांत महत्त्वाचं. नाणं कोणत्या टांकसाळीत पडलं हे सांगणारं एक बारीक अक्षर त्यावर असतं, त्याला टांकसाळखूण म्हणू. डेन्व्हरचं "डी", सॅन फ्रान्सिस्कोचं "एस", न्यू ऑर्लिन्सचं "ओ", नेवाडातल्या कार्सन सिटीचं "सीसी". मुख्य टांकसाळ फिलाडेल्फियाची. तिची खूण जुन्या डाइमवर नसायचीच, "पी" आलं ते १९८० पासून. म्हणजे अक्षर नसणं हीसुद्धा माहितीच आहे.

छाप्याच्या, म्हणजे चेहऱ्याच्या बाजूला ते शोधू नका. चांदीच्या डाइमवर ते काट्याच्या, म्हणजे मागच्या बाजूला असतं. बसलेल्या देवतेच्या आणि बार्बर डाइमवर खाली, फुलापानांच्या वेढ्यापाशी. मर्क्युरीवर खाली डाव्या बाजूला, "वन" या शब्दाच्या शेवटच्या अक्षराशेजारी, मोळीच्या तळाजवळ. १९६४ पर्यंतच्या रूझवेल्टवर मशालीच्या बुंध्याच्या डावीकडे. मर्क्युरीच्या चेहऱ्यामागे एकात एक गुंफलेली दोन अक्षरं दिसतात, ती पाहून कित्येक जण "माझ्यावर डब्ल्यू आहे" म्हणून हरखतात. ती वाइनमन यांची सही आहे.

एका अक्षराने काय फरक पडतो? १९१६ ची मर्क्युरी डाइम फिलाडेल्फियात २ कोटी २१ लाखांवर पडली. त्याच साली, त्याच घडणीची, डेन्व्हरमध्ये २ लाख ६४ हजार. बिनखुणेची झिजलेली असेल तर चांदीहून थोडी जास्त किंमत. "डी"ची तितकीच झिजलेली असली तरी शेकडो डॉलर.

आजींच्या डब्यातल्या मर्क्युरी मी सालवार मांडत होते आणि अगदी शेवटच्या मुठीत १९१६ हाती लागली. रात्रीचे अकरा वाजले होते. नाणं कडेला धरून उलटं केलं, टेबलावरचा दिवा तिरपा केला, भिंग लावलं. "वन" चं शेवटचं अक्षर, त्याच्या शेजारी काळी मळी. नाणं जरा फिरवलं. मळीखाली सपाट चांदी. अक्षर नव्हतं. फिलाडेल्फियाची. तरी त्या अर्ध्या मिनिटात छाती धडधडत होती, आणि या छंदाला लोक आयुष्य का देतात ते मला कळलं.

मग कोणत्या डाइम जपून बघायच्या?

मर्क्युरीत १९१६ ची "डी" झाली. १९२१ च्या दोन्ही, बिनखुणेची आणि "डी"ची, दहा-बारा लाखांच्या आसपास पडल्या आणि झिजलेल्या असूनही चांदीच्या कितीतरी पट जातात. १९४२ ची एक चूक प्रसिद्ध आहे. साचा बनवताना आधी १९४१ ची आणि मग १९४२ ची छाप त्यावर बसली, त्यामुळे काही नाण्यांवर २ च्या डाव्या बाजूला १ ची उभी रेघ दिसते. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर दोन्हीकडे हे झालं. १९४२ ची साधी डाइम ढिगाने मिळते, पण ती रेघ असलेली शेकडो डॉलरची. म्हणून १९४२ ची एकही डाइम भिंगाखालून गेल्याशिवाय मोडीत घालू नका.

बार्बरमध्ये १८९५ ची "ओ" चांगली दुर्मिळ. आणि १८९४ ची "एस" तर दंतकथाच आहे. सॅन फ्रान्सिस्कोत त्या वर्षी फक्त २४ डाइम पडल्या. टांकसाळीच्या प्रमुखाने तीन आपल्या मुलीला दिल्या आणि तिने एकीचं आइस्क्रीम खाल्लं, अशी आख्यायिका सांगतात. त्यातली एक २०१६ मध्ये लिलावात जवळजवळ २० लाख डॉलरना गेली. १८७३ च्या कार्सन सिटीच्या बाणविरहित डाइमचं तर जगात एकच नाणं माहीत आहे.

आणि रूझवेल्ट? मला सरळ सांगायला हवं: चलनात फिरलेल्या चांदीच्या रूझवेल्ट डाइममध्ये अशी नशीब उघडणारी दुर्मिळ साल-खूण नाही. नुसत्या १९६४ सालाच्या दोन्ही टांकसाळी मिळून २ अब्जांहून जास्त पडल्या. त्या चांदीच्या भावाने जातात, आणि तो काही थोडका भाव नाही.

"पण माझी तर गुड आहे!"

नाण्याच्या अवस्थेला अमेरिकेत १ ते ७० असे गुण देतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली ही पद्धत. ६० आणि त्यावरची नाणी म्हणजे चलनात कधी न फिरलेली. त्याखालच्यांना शब्द आहेत, आणि तिथेच घोळ होतो. "गुड" म्हणजे ४ गुण: चेहऱ्याची बाह्यरेषा आणि साल तेवढं उरलेलं. "फाइन" म्हणजे १२. म्हणजे सत्तरपैकी बाराला फाइन म्हणतात! शाळेच्या प्रगतिपुस्तकातले शेरे इथे विसरायचे.

झीज मोजायच्या खुणा घरी बघता येतात. बार्बर डाइमच्या मुकुटाच्या पट्टीवर "लिबर्टी" हा शब्द कोरलेला आहे. सगळी अक्षरं वाचता आली तर फाइन. दोन-तीनच दिसली तर त्याखाली. मर्क्युरीच्या मागच्या मोळीला आडवे बंध आहेत. मधल्या बंधाच्या दोन रेघा एकमेकींपासून स्पष्ट सुट्या, मध्ये खाच, असं कोऱ्या नाण्यावर दिसलं तर त्याला "फुल बँड्स" म्हणतात आणि काही सालांना त्याने भाव कित्येक पट होतो. ठोका पुरेसा जोरात बसलेला असला तरच ती खाच उमटते.

"घासून लख्ख केली तर?"

कृपा करून करू नका. मराठी घराला हे सांगणं सोपं नाही, कारण चांदी काळी पडली की चिंच, लिंबू, रांगोळी किंवा दंतमंजन घेऊन बसणं आपल्या हातात मुरलेलं आहे. भांड्याला ते ठीक. नाण्यावर ठोका बसताना धातू पसरतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. दिव्याखाली फिरवताना चक्रासारखी फिरणारी चमक दिसते, ती या रेषांची. घासलं की या रेषा जातात आणि त्यांच्या जागी ओरखडे येतात. चमक परत येत नाही. जाणकाराला घासलेलं नाणं पहिल्या नजरेत कळतं आणि भाव निम्म्याहून खाली येऊ शकतो. उलट वर्षानुवर्षं कागदात राहून निळा-सोनेरी मोरपंखी रंग चढलेलं नाणं संग्राहक जास्त पैसे देऊन घेतो.

आजींच्या यजमानांनी कधीतरी हौसेने दहा-बारा मर्क्युरी पॉलिश करून ठेवल्या होत्या. आरशासारख्या झालेल्या, पंखांची पिसं मऊ पडलेली. त्यातली एक १९२१ ची. ती मी आजींना वेगळी दाखवली. त्यांनी ती अंगठ्याने चोळली आणि म्हणाल्या, "रविवारी बसायचा तो, अंगणात." ती त्यांनी स्वतःच्या पाकिटात ठेवली.

नाणं कडेला धरा, तोंडावर बोट नको. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत ठेवू नका. त्यातल्या रसायनाने नाण्यावर हिरवट चिकटा येतो.

"नेटवर तर लाखो रुपये सांगतात"

सांगतात, कारण सांगायला पैसे पडत नाहीत. कुणी काय मागितलं हे भाव नव्हे, कुणी खरंच काय मोजलं हा भाव. लिलावातल्या झालेल्या विक्रीचे आकडे बघा. तेसुद्धा त्याच सालाच्या, त्याच खुणेच्या, तितक्याच झिजलेल्या नाण्याचे.

भारतात तर हे दुखणं जास्त आहे. "जुनं नाणं द्या, लाखो घ्या" म्हणून आधी नोंदणीचे, कराचे, कमिशनचे पैसे उकळायचे हा धंदा इतका फोफावला की ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर सांगावं लागलं, की अशा व्यवहाराशी आपला काही संबंध नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही. नाणं तुम्ही विकत असताना पैसेही तुम्हीच भरायचे, असं कुणी म्हटलं की फोन ठेवून द्या.

विकत घेताना उलटी भीती. १९१६ च्या साध्या डाइमवर "डी" चिकटवून विकणं ही जुनी लबाडी आहे. भिंगाखाली अक्षराच्या बुडाशी जोड दिसतो का बघतात. खऱ्या नाण्यांसाठी साचे मोजकेच वापरले गेले, त्यामुळे अक्षर नेमकं कुठे असायला हवं हेही ठाऊक आहे. पूर्ण नकली नाणीही येतात. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने प्रतिकृतीवर "कॉपी" हा शब्द उमटवणं बंधनकारक आहे, पण लबाड माणूस तो कशाला उमटवेल? म्हणून मोठ्या किमतीचं नाणं पीसीजीएस किंवा एनजीसी यांच्यासारख्या संस्थेने तपासून, गुण देऊन, बंद प्लास्टिकच्या डबीत घातलेलं असेल तरच घ्यावं. दागिन्यावरच्या हॉलमार्कसारखं समजा. नुसत्या चांदीच्या भावाच्या डाइमला मात्र ही तपासणी करू नका, तपासणीचं शुल्कच तिच्याहून कितीतरी जास्त होईल.

विकायची असेल तर

आधी स्वतः वर्गवारी करा: तांबूस कडेची खर्चात, रूझवेल्ट एका पिशवीत, मर्क्युरी सालवार, बार्बर आणि त्याआधीच्या एकेक कागदात. मग किमान दोन व्यापाऱ्यांकडे जा आणि "दर्शनी किमतीच्या किती पट?" एवढंच विचारा. भारतात असाल आणि नाणी साधी असतील तर सराफ ती मोड म्हणून घेईल आणि दहा टक्के तांब्याची घट धरेल. ती वाजवीच आहे. त्याहून जास्त घट सांगितली तर पुढच्या दुकानात जा.

आजींनी रूझवेल्टच्या १०६ विकल्या. ज्या दुकानात विकल्या त्याने आम्ही हिशेब केला होता त्याच्या जवळपास दिले. बार्बर तीन नातवंडांना एकेक. मर्क्युरीचा डबा अजून माझ्याकडे आहे, कारण १९४२ च्या नऊ निघाल्या आणि माझं भिंग त्या कामाला कमी पडतं. मोठ्या ताकदीचं मागवलं आहे. ते आलं की २ च्या डाव्या कडेला उभी रेघ आहे का, ते एकेक करून बघायचं आहे.